चार्ज देताना

दुधकोहळे मॅडम, या किल्ल्या.
मोठी कार्यालयाची. लहान ती विज्ञानपेटीची,
ती नुसती फिरवून लागत नाही,
वरून एक थाप मारावी लागते.

हे डेडस्टॉक रजिस्टर.
परीक्षानळ्या बारा, पैकी पाच शाबूत.
भिंग एक. त्यानं सागाच्या पानाला भोकं पाडून झाली आहेत.
लोहचुंबक दोन, दोघांनीही आता ओढणं सोडलंय.
तापमापी एक.
तिच्याबद्दल थोडं सांगायचं आहे, बसा.

सातवीचा प्रयोग होता, पाण्याचा उत्कलनांक.
गुंफाबाईंनी खिचडी उतरवली,
त्याच चुलीवर आम्ही पातेलं ठेवलं.
एकोणीस पोरं, धुरानं डोळे लाल.
वह्या आल्या. अठरांत शंभर.
काहींनी तर पाणी तापायच्या आधीच लिहिलं होतं शंभर,
मीच लिहायला शिकवलं होतं तसं.
पौर्णिमा टेकामच्या वहीत
अठ्ठ्याण्णव, आणि वर थोडं.
निष्कर्षाची ओळ कोरी.

मी लाल पेनानं गोल केला.
बाजूला लिहिलं, पुस्तक पाहा.
ती उभी राहिली.
"पुस्तक पाह्यलं जी सर.
पाणी बी पाह्यलं.
पुस्तकात शंभर हाये, पाण्यात नाही.
काहून?"

त्या रात्री तापमापी दुपट्ट्यात गुंडाळून घरी नेली.
बायको झोपल्यावर गॅस पेटवला.
अठ्ठ्याण्णव, आणि वर थोडं.
पाणी बदललं. पातेलं बदललं. चष्मा पुसला.
तेवढंच.
एकतीस वर्षं शंभर शिकवत होतो, मॅडम,
एकदाही उकळून पाहिलं नव्हतं.

सकाळी वर्गात म्हणालो, मला माहीत नाही.
वीज गेल्यावर पंखा थांबतो ना,
आणि तोवर तो वाजत होता हे तेव्हाच कळतं,
तशी शांतता झाली.
मग मागून कुणीतरी हसलं. मग सगळेच.
मीही.

त्यानंतरचा महिना वेळापत्रकात सापडणार नाही तुम्हाला.
बाजारच्या दिवशी गोळेवाल्याकडून बर्फ आणला,
तापमापी त्यात बुडवली. बरोबर शून्य.
म्हणजे ती खरं बोलत होती.
कुणाल आत्रामची बहीण रत्नागिरीला नर्सिंगला,
तिला फोन लावला. तिनं होस्टेलवर उकळून सांगितलं,
इथं शंभरच येते रे, समुद्र बाजूलाच आहे.
पोरं नकाशावर वाकली.
मग स्टोव्ह घेऊन टेकडीवर, महादेवापाशी.
वारा फार. तीन काड्यापेट्या संपल्या.
तिथंही जवळपास तेवढंच आलं.
टेकडी लहान पडली, की आमची नजर, कळलं नाही.
त्या दिवशी एकोणिसही वह्यांत
निष्कर्षाची ओळ कोरी होती.

केंद्रप्रमुख आले, वह्या चाळल्या.
म्हणाले, गुरुजी, एकाचंही उत्तर जुळत नाही.
मी म्हटलं, हो.
त्यांनी शेऱ्यात काय लिहिलं ते फाईलमध्ये आहे.

पुढच्या वर्षी डिजिटल फलक येतोय.
प्रशिक्षणात दाखवला. छान आहे,
त्यात पाणी दरवेळी शंभरलाच उकळतं, मागे संगीत वाजतं.
वापरा, वीज असली की.
पण चूल विझू देऊ नका.
पुढचं विज्ञान कसं असेल,
परिपत्रकात पुष्कळ लिहिलंय, मला सगळं समजलं नाही.
मी फक्त रजिस्टरच्या शेवटच्या पानावर
एक नोंद वाढवली आहे, मंजुरी न घेता:
काहून. नग एक. चालू स्थितीत.

आणि हो,
सुट्टीत पौर्णिमा येईल तापमापी मागायला.
रांजणातलं पाणी
भर उन्हातल्या हवेपेक्षा थंड काहून,
ते तिला मोजायचं आहे.
द्या. सही घेऊ नका.
मला विचारून गेली परवा.
याचं उत्तर मला येतं.
सांगितलं नाही.